इशिमचेचा न काढलेला फोटो

मागच्या वर्षी नागपूरला आईच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा मी इंग्लंडमधल्या लेस्टरहून ताईला फोनवर सांगितलं, "रजा मिळत नाही गं. ऑन कॉल आहे." मी डॉक्टर, त्यामुळे हे कुणालाही पटतं. खरं म्हणजे दोन आठवड्यांची रजा मंजूर होती आणि ग्वाटेमालाचं तिकीट काढून झालं होतं. काही दिवस मला कुणाचाच डॉक्टर व्हायचं नव्हतं. कुणाचा मुलगाही नाही.

ग्वाटेमालाच का, तर तेही आईमुळेच. ती शाळेत इतिहास शिकवायची. पुस्तकात माया लोकांवर जेमतेम अर्धं पान होतं. ती त्यावर तीन तास घ्यायची. रंगात आली की मध्येच थांबून वर्गाला विचारायची, "पुढे?"

ऑपरेशनच्या दिवशी मी तिथल्या डोंगरांत, इशिमचेला होतो. पाइनची झाडं, गवत, आणि त्यात मायांच्या जुन्या राजधानीचे बुटके दगडी चौथरे. मागच्या बाजूला एक माया बाई घरच्यांसोबत पूजा मांडत होती. रांगोळीसारखी चिमूट सोडत तिनं जमिनीवर साखरेचं वर्तुळ काढलं, आत धूप आणि मेणबत्त्या रचून पेटवल्या. करपलेल्या साखरेचा वास सुटला. हे आईला दाखवायलाच हवं, म्हणून मी फोन काढला. बाईनं मानेनंच 'काढ' म्हटलं. तेवढ्यात आठवलं, मी तर लेस्टरला ड्यूटीवर आहे. फोन परत खिशात गेला. तिथला एकही फोटो माझ्याकडे नाही.

तिसऱ्या दिवशी आई गेली. मी पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

परवा वर्षश्राद्धाला व्हिडिओ कॉलवर मामा म्हणाले, "बिचारा! आईच्या ऑपरेशनलासुद्धा सोडलं नाही त्याला." मी मान खाली घातली. दुसऱ्या दिवशी ताईला फोन करून सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, "गाढवा, खरं सांगितलं असतंस तर तिनंच तुला हाकललं असतं तिकडे. भूल उतरल्यावर मला विचारते कशी, पोरगा वेळेवर जेवतो ना? नुसती ड्यूटी, ड्यूटी!"

मग म्हणाली,

"फोटो पाठव."

"नाहीत गं. एकही नाही."

"मग सांग. तिला सांगितलं असतंस तसं, पहिल्यापासून."

मी सांगू लागलो. पाइन, गवत, चौथरे. साखरेच्या वर्तुळापाशी येऊन थांबलो.

ताईनं विचारलं,

"पुढे?"