सात-दहाला तुटणारी लाइन

९ जानेवारी रोजी मी इंटरनेटच्या महिन्याच्या बिलाचे सातशे त्रेचाळीस रुपये भरले आणि त्याच संध्याकाळी लाइन तुटली. पैसे घेतले आणि दिवा मालवला, असं पहिल्यांदा मनात आलं. पुढे दीड महिना मी ज्याच्यावर संशय घेतला, त्या माणसाविषयी हे लिहीत आहे.

तो आमच्या भागाचा लाइनमन. त्याला सगळे डायलटोन म्हणत. खांबावर चढला की कमरेचा टेस्टर फोन तारेला लावून तो आधी डोळे मिटून ऐकत बसायचा. नुसत्या आवाजावरून कुठल्या सांध्यात पाणी शिरलंय ते सांगतो, अशी त्याची ख्याती होती. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगाने काटक, शिडीवरून पडल्यापासून डाव्या हाताची दोन बोटं वाकडी. वीस वर्षांपूर्वी तो केबलसाठी चर खणायला आला होता. एकदा केबल जोडणारा कारागीर आजारी पडला, तेव्हा हा खड्ड्यात उतरला आणि शंभर जोड्यांची केबल रंग बघून बिनचूक जोडून वर आला. तेव्हापासून हातात कुदळीऐवजी पक्कड आली, एवढंच. नोकरी मात्र ठेकेदाराकडेच राहिली, आणि तीही दरवर्षी फेब्रुवारीअखेर नव्याने मिळायची. वर्षात तीन लेखी तक्रारी झाल्या की नाव यादीतून जायचं. त्याच्या नावावर दोन झाल्या होत्या: एकाच्या गालिच्यावर चिखलाचे पाय उमटवल्याची आणि दुसरी कुजलेल्या खांबावर चढायला नकार दिल्याची. हे मला चौकशी केल्यावर कळलं. चौकशी मी सुरुवातीलाच केली होती.

मी एका रंगाच्या घाऊक दुकानात हिशेबनीस आहे. दिवसभराच्या नोंदी संध्याकाळी घरून मुख्य कार्यालयाला पाठवायच्या असतात. फाइल मोठी, लाइन मंद. म्हणून सातला पाठवायला लावायची, फिरायला जायचं, पावणेआठला परत यायचं, असा माझा नेम. त्या दिवशी परत आलो तर फाइल अर्ध्यात अडकलेली. दुसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मुख्य कार्यालयातल्या मुलीने फोनवर विचारलं, काका, तुमच्याकडचं इंटरनेट संध्याकाळचं झोपतं का? निवृत्तीला चौदा महिने राहिलेल्या माणसाला हे ऐकून घेणं जड जातं.

डायलटोन सकाळी आला. समोरच्या खोलीतला फोन उचलून ऐकला, मोडेमचे दिवे पाहिले, बाहेरच्या पेटीत जोड तपासला. मोडेमची आणि फोनची लाइन एकच असते, म्हणून प्रत्येक फोनच्या मागे एक छोटी पांढरी डबी लावतात. तिला स्प्लिटर म्हणतात. ती नसेल तर फोन उचलताच इंटरनेट कोलमडतं. समोरच्या खोलीतली डबी जागेवर होती, आईच्या खोलीतलीही होती. तो म्हणाला, सगळं बरोबर आहे. संध्याकाळी लाइन पुन्हा गेली.

मग मी मोडेम बदलावा का, असं विचारलं. तो म्हणाला, मोडेम चांगला आहे, उगाच खर्च करू नका. इथे माझा संशय बळावला. दुकानात आयुष्य गेल्यामुळे एक गोष्ट पक्की ठाऊक आहे, की जो फुकट सल्ला देतो त्याचं गिऱ्हाईक दुसरीकडे कुठेतरी असतं. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "अहो, वस्तू विकली तरी चोर आणि नाही विकली तरी चोर. मग त्या बिचाऱ्याने करायचं तरी काय?" ती औषधांच्या दुकानात काम करते आणि साडेआठला घरी येते, त्यामुळे संध्याकाळच्या गोष्टी तिला ठाऊक नसायच्या.

मोडेमच्या आत एक पान असतं, त्यात लाइन केव्हा तुटली आणि केव्हा जुळली याची नोंद राहते. ते उघडायला मी शिकलो आणि रोज छापून फाइलीला लावू लागलो. सात-दहा. सात-अकरा. सात-दहा. सात-नऊ. रविवार वगळून रोज, आणि दर वेळी वीस-पंचवीस मिनिटं. पाण्याने बिघडलेली तार घड्याळ बघत नाही. कोणीतरी हे करत होतं. खांबावर चढता येणारा माणूस या गल्लीत एकच होता.

हा कागद मी डायलटोनसमोर धरला. त्याने बोट फिरवत सगळ्या वेळा वाचल्या. त्या दिवशी तो काही न तपासताच गेला.

आठ दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, तुमचा तो तारवाला हल्ली बराच येतो, तुम्ही फिरायला गेलात की. आजींच्या खोलीत बसलेला असतो. मी तसाच वर गेलो. आई एक्क्याऐंशी वर्षांची, गुडघ्यांनी अधू, उशाशी तिची डबोली आणि बँकेचं पासबुक. आईला विचारलं, तो कशाला येतो? ती म्हणाली, फोन बघायला. काय झालंय फोनला? काही नाही. मी पासबुक तपासलं. पैसे जिथल्या तिथे होते. पण चोर पहिल्या दिवशी हात घालत नाही, हेही मी दुकानात शिकलो होतो. त्याच रात्री तक्रार लिहिली: सेवेत मुद्दाम व्यत्यय, आणि घरमालक नसताना वृद्ध स्त्रीच्या खोलीत प्रवेश. छापलेल्या नोंदी जोडल्या. ही तिसरी तक्रार आहे, हे माहीत असूनच दिली.

२४ फेब्रुवारीला विभागीय कार्यालयात दोघांनाही बोलावलं. यादी २८ला जाणार होती. अधिकाऱ्याने त्याला विचारलं की या घरी तीनदा कशाला गेलास, तेही यांच्या गैरहजेरीत. डायलटोन टोपी हातात घेऊन उभा होता.

"दोष लाइनवर नाही, साहेब. यांच्या घरात आहे. कुठे आहे ते मला माहीत आहे, पण मी सांगणार नाही."

"नाव कापलं जाईल, कळतंय ना?"

"कळतंय."

"मग सांगायला काय जातं?"

तो म्हणाला, "टेस्टर लावला की लोकांचं बोलणं कानावर पडतं. वीस वर्षांत किती घरांचं पडलं. ऐकलेलं खाली उतरवायचं नाही, हे मला चर खणतानाच शिकवलं होतं."

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, नाटक आहे. तरीही घरात हा शब्द डोक्यात राहिला.

त्या संध्याकाळी मी फाइल लावली, चपला घातल्या, जिना उतरलो आणि शिवणवाल्या बाईंच्या दारापाशी थांबलो. सात वाजून आठ मिनिटांनी वर फोन वाजला. दोनदा वाजून बंद झाला. मी वर आलो आणि हळूच किल्लीने दार उघडलं. मोडेमचा लाइनचा दिवा लुकलुकत होता. आई पलंगावर बसून फोनवर बोलत होती. फोनची तार थेट भिंतीत गेली होती आणि पांढरी डबी तिच्या मांडीवर रुमालात गुंडाळलेली होती.

ती माझ्या बहिणीशी बोलत होती. वडिलांच्या घराच्या वाटणीवरून बहीण कोर्टात गेली, त्याला सहा वर्षं झाली. या घरातून तिच्याशी कोणी बोलायचं नाही, असं मी त्या वेळी सांगितलं होतं. रविवारी मी फिरायला जात नाही, म्हणून रविवारी फोन येत नसे.

आईने मला पाहिलं, पण फोन खाली ठेवला नाही. "आला आहे तो," असं बहिणीला सांगितलं आणि मग ठेवला.

"डबी का काढलीस?" मी विचारलं.

"ती बोललेलं लिहून घेते."

"कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला हवं कोणी? तू दुधाचं लिहितोस, विजेचं लिहितोस, मी किती गोळ्या खाल्ल्या ते लिहितोस. आणि फोनला नवी डबी लावलीस ती काय शोभेला?"

मग तिने बाकीचं सांगितलं. बहिणीचे फोन जानेवारीतच सुरू झाले होते. माझा कागद पाहिल्यावर डायलटोनला वेळेवरूनच अंदाज आला होता. तो सातला येऊन बसला आणि तिला डबी काढताना पाहिलं. तिने कोणाला सांगणार नाही असा शब्द त्याच्याकडून घेतला. पुढच्या खेपेला त्याने तिच्यासमोर एक डबी फोडून दाखवली, आत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी, बाकी काही नाही. ती म्हणाली, वहीसुद्धा आधी कोरीच असते. तिसऱ्यांदा त्याने हात जोडले, आजी, ती तेवढी लावून बोला, माझ्यावर येतंय. तेव्हा तिने त्याला विचारलं होतं, माझा मुलगा तुला पगार देतो का?

"त्याचं काम जाणार आहे, आई."

हे तिला ठाऊक नव्हतं. तिने डबी रुमालातून सोडवून फोनला लावली. "जा आणि परत घे कागद," म्हणाली. "आणि कारण माझं सांग. तुझं सांगू नकोस, तू गोलगोल लिहिशील."

२५ला मी तक्रार मागे घेतली. कारणाच्या रकान्यात लिहिलं: दोष ग्राहकाच्या घरातील, ग्राहकाच्या आईने फोनची डबी काढल्यामुळे, आणि तिने ती काढावी असं वागणं ग्राहकाचं. कारकुनाने वाचून वर पाहिलं, पण शिक्का मारला. यादीत त्याचं नाव राहिलं. भाग मात्र बदलला, आता तो नदीपलीकडच्या वस्तीत असतो.

आईचा डबीवर अजूनही विश्वास नाही. फोन वाजला की ती काढते, बोलून झालं की लावते. मी फाइल आता आठला लावतो. बहिणीशी मी अजून बोललेलो नाही.

२५ला कार्यालयात तक्रार मागे घेण्याच्या अर्जावर पंचवीस रुपयांचं तिकीट लागत होतं आणि माझ्याकडे सुटे नव्हते. डायलटोन तिथे बाकावर बसला होता, त्याने दिले. ते पंचवीस रुपये मी अजून दिलेले नाहीत.