पहिला काप

हल्ली डिचोलीला कामावर जाताना मी लांबचा रस्ता धरतो. पूर्वी कारापुरात एका मावशीच्या पडवीत कणगांचे काप घ्यायला रोज थांबायचो. ती कंद सोलून पातळ कापायची आणि खोबरेल तापलं की पहिला काप जहाजावर गेलेल्या मुलाच्या नावाने सोडायची. तो तरंगला की मुलगा सुखरूप. मी हसलो तर म्हणायची, "हळू रे बाबा, तेल आयकता."

एका सकाळी तेलातून धूर येत होता, तरी तिचा हात पुढे होईना. बरेच दिवस मुलाचा फोन नव्हता.

"आज तू सोड," म्हणत तिने डोळे मिटले. मी काप सोडला.

"आयलो वयर?" काप वर आला का, तिने मिटल्या डोळ्यांनीच विचारलं.

"आयलो, मावशी."

काप तळाशीच होता. त्याच्याभोवती एकही बुडबुडा नव्हता.