दातांच्या डॉक्टरची बाजू

लातूरच्या एका टॉकीजच्या लेडीज दारावर बिलकीसबी बारा वर्षं तिकिटं फाडत होती, आणि बारा वर्षांत सिनेमावाल्यांनी एकदाही तिचं ऐकलं नव्हतं. तिचं म्हणणं साधं होतं. पोरीनं भरवशाच्या माणसाशी लग्न करावं. पण सिनेमातली पोरगी दर वेळी भरवशाच्याला सोडून कुठल्यातरी मोटारसायकलवाल्याच्या मागं बसून जायची. खुद्द बिलकीसबीनं विसाव्या वर्षी असाच एक हसरा, गोडबोल्या माणूस पसंत केला होता. तो दुबईला जातो म्हणून निघाला, मुंबईलाच राहिला, आणि तिथं दुसरा संसार थाटून त्यानं तलाकनामा टपालानं धाडला. तेव्हापासून पडद्यावर कुणी जरा जास्त गोड बोलायला लागलं, की ही दारातूनच पुटपुटायची, "बस झालं, मेल्या."

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर बायका दाराजवळच्याच रांगा धरून बसत. रस्त्यावरून मालट्रक गेला आणि खुर्ची थरथरली, की निम्म्याजणी चपला हातात घेऊन बाहेर. त्यात खेड्यांतून बाजाराला आलेल्यांना साडेपाचची उदगीर गाडी गाठायची असे, आणि तीनचा खेळ तर सहाला सुटायचा. म्हणजे शेवट हुकायचाच. मग जाताना पिशव्या सावरत त्या दारात थांबून विचारायच्या, "आपा, शेवटी कुणासंगं होतंय तिचं?" आणि आपा दोन मिनिटांत शेवट सांगायची. हा रिवाजच पडून गेला होता. आजवर तिनं खरा शेवट सांगितला होता, तोंड वाकडं करून का होईना.

सत्त्याण्णव साली मात्र तो दातांच्या डॉक्टरचा सिनेमा लागला आणि तिचं डोकं फिरलं. सिनेमा हसवणुकीचा होता. हिरो फाटका, पण हॉटेलमालकाचा मुलगा असल्याची थाप मारून फिरणारा. पोरीचं लग्न ठरलेलं ते डॉक्टरशी, आणि तो बिचारा सरळ. त्यानं पोरीच्या बापाला फुकट कवळी बसवून दिली, आईला दवाखान्यात नेलं, आणि ऐन मांडवात थापाड्या उगवल्यावर स्वतःच्या हातानं नवरी त्याच्या हवाली केली. वर हसला. "हसतोय काय," बिलकीसबी अंधारात म्हणाली. पहिल्याच दिवशी बाराच्या खेळाला ती खरोखर रडली, आणि रडू आल्याचा तिला आणखी राग आला.

त्याच दिवशी उदगीर गाडीच्या बायकांनी विचारलं तेव्हा ती बेधडक म्हणाली, "डॉक्टरसंगं झालं. थापाड्याचं बिंग फुटलं."

बायका खूश झाल्या. मग हिला चेव आला. दुसऱ्या दिवशी हिरोइननं भर मांडवात डॉक्टरची माफी मागितली. चौथ्या दिवशी दोघांनी मोठा दवाखाना काढला आणि हिरोइन काउंटरवर बसली. तिसऱ्या आठवड्यात त्यांना जुळं झालं. उदगीरच्या वाटेवरच्या गावागावांत हाच शेवट पोचला आणि सगळ्यांना पटलाही.

बिंग फुटलं ते नागम्मामुळं. नागम्मा खेड्यातली, कायम साडेपाचची गाडी पकडणारी. पण त्या जूनमध्ये तिचा धाकटा मुलगा बारावीच्या क्लासला लातुरात आला, आणि इतर शंभर आयांसारखी तीही त्याला स्वयंपाक करून घालायला दहा बाय दहाची खोली घेऊन राहिली. आता गाडीची घाई नव्हती. मुलगा क्लासला गेला की दुपार मोकळी. तिनं हौसेनं तोच सिनेमा परत पाहिला, जुळं बघायला.

सहा वाजता ती बाहेर आली ती थेट मॅनेजरच्या खोलीत. "मी सगळ्या गावाला सांगितलं डॉक्टर म्हणून. सुनेनं पैज लावली तर तिला खोटं पाडलं. आता गावात तोंड कसं दाखवू?"

मॅनेजर सिद्धरामअप्पांनी बिलकीसबीला बोलावलं. तिनं काही लपवलं नाही. "हाव, मीच सांगितलं. चूक सिनेमाची हाय, माझी न्हाई."

असं बोलल्यावर नोकरी कशाची राहते. महिनाअखेरपर्यंत ये म्हणाले. नांदेडच्या भावाला कळलं, तसा त्यानं फोनवर सांगून टाकलं की एक तारखेला टेम्पो पाठवतो, सामान बांधून ठेव. भावजयीनं स्वयंपाकघरातला कोपरा रिकामाही करून ठेवला होता. उरलेलं आयुष्य दुसऱ्याच्या चुलीपुढं विचारून विचारून मीठ घालायचं, हे बिलकीसबीला मरणाहून वाईट वाटत होतं.

शेवटच्या रविवारी इंटरवलला चांदपाशा चहा घेऊन आला. चांदपाशा वरच्या खोलीत सिनेमाचं मशीन चालवणारा ऑपरेटर, बायको जाऊन चौदा वर्षं झालेली. बिलकीसबी दारावर लागल्यापासून तो रोज इंटरवलला तिच्या स्टुलाशी चहाचा कप ठेवायचा आणि अवाक्षर न बोलता वर जायचा. आज तो गेला नाही.

"त्या डॉक्टरपायी एवढं करायचं नव्हतं, बिलकीसबी," तो म्हणाला. "सिनेमा बरोबर हाय."

बिलकीसबीनं कप खाली ठेवला. "तुमी त्या थापाड्याच्या बाजूचे?"

"थापाड्या हायच. पण त्यानं तिला विचारलं तरी. डॉक्टरनं कवळी बसवली, दवाखाना केला, पण तीन तासांत एकदा तरी तिला म्हणला का, की तू मला आवडतीस? न्हाई म्हणला. मागितलंच न्हाई तर ती देईल कशी?"

भजी खात उभ्या बायकांनी मान डोलावली. त्यांत नागम्माही होती.

बिलकीसबी मात्र चवताळली. बारा वर्षांत हा माणूस एवढं बोलला नव्हता, आणि बोलला तो हे.

"अन् तुमी?" ती म्हणाली. "तुमी बारा वर्षं काय करून राहिले?"

इंटरवल संपल्याची घंटा झाली. रीळ लावायला जायला हवं होतं, आत पुरुषांच्या बाजूनं शिट्ट्याही सुरू झाल्या. चांदपाशा हलला नाही. नोकरीवर कायम मराठीत बोलणारा माणूस आता घरच्या बोलीत, खाली बघत म्हणाला, "मेरे से निकाह करते क्या?"

भजी खाणं थांबलं.

"आधी का न्हाई विचारलं?" तिनं विचारलं.

"तुमी न्हाई म्हणाल, म्हणून भ्यायलो."

"म्हणलेच असते," बिलकीसबी म्हणाली. खोटं बोलून एकदा नोकरी गेली होती, आता तिनं खरं सांगितलं. "पहिली पाच-सहा वर्षं तर हमखास म्हणले असते."

"आन् आता?"

आत शिट्ट्यांचा कहर झाला होता. सिद्धरामअप्पा खोलीतून बाहेर येऊन बघत होते. बिलकीसबीनं पदरानं आधी कप पुसला, मग डोळे.

"आता वर जा, लोक खुर्च्या मोडतील," ती म्हणाली. "अन् खेळ सुटला की नांदेडला फोन लावा. टेम्पो पाठवू नका म्हणावं. तुमीच सांगा, मी न्हाई सांगणार."