तिस्वाहनला जामीन कोण

हां, तर सासूनं कुऱ्हाड आणून अंगणात ठेवली, काल गोष्ट तिथंच सोडून आपण उठलो. सून म्हणजे तिस्वाहन, आमच्या अबुल-खसीब गावच्या खजुरबागेतली सगळ्यात हलक्या हाताची बाई. नवरा जासिब कमरेला दोर बांधून मादी झाडांवर चढायचा आणि ही खाली बसून नर फुलोरे झटकायची, पांढरं पीठ फडक्यातून गाळून त्याच्याकडे द्यायची. खजुरीचं तसंच असतं. झावळ्या उन्हात आपलं अन्न आपण रांधतात, झाड हिरवंगार राहतं; पण नराचं पीठ मादीच्या फुलोऱ्यात पडलं नाही तर घडाला नुसती पोचट बोंडं. तिस्वाहनच्या पिठानं अख्खी बाग लगडायची. पदरात मूल मात्र नाही.

आता आमच्याकडे झाड फळेना झालं, की त्याला धाक घालतात. एकजण कुऱ्हाडीचा तुंबा, म्हणजे पात्यामागची बोथट बाजू, खोडावर आपटून म्हणतो, "तोडतो हिला." दुसरा आडवा येतो, "यंदा राहू दे, मी जामीन." मग झाड भिऊन फळतं म्हणे. सासूनं तेच सुनेला केलं. शेजारपाजार गोळा केला आणि तुंबा तिच्या पाठीत टेकवला.

"तोडते हिला. आजच माहेरी धाडते. आहे कुणी जामीन?"

असे हसलो आम्ही सगळे, काय सांगू. चहाचे पेले हिंदकळले.

"अबू मिझबान, तू हो की," कुणीतरी म्हाताऱ्याला डिवचलं.

"मला दात नाहीत बाबा. फळली तरी खाणार कोण?"

पुन्हा हशा. तिस्वाहन फक्त जासिबकडे बघत होती. त्यानं एक शब्द टाकला असता तर ती त्या घरात राहिली असती. जासिबनं दोराची गाठ ओढून पाहिली.

"आई, आटप लवकर. वारं सुटायच्या आत चढायचंय मला."

सासूचा चेहरा खुलला. "ऐकलंस गं? आता तुझं काय म्हणणं?"

तिस्वाहननं मांडीवरचं फडकं झटकलं, घडी घातली आणि उठली.

"आत्याबाई, झाडाला धाक घालायच्या आधी लोक नराचं पीठ तपासतात. ते मेलेलं निघालं, तर झाडाला कुणी बोल लावत नाही. इतकी वर्षं तुमच्या लेकाचं मी झाकून ठेवलं. आता दुसरी आणा, तिसरी आणा. कुऱ्हाड तेवढी हाताशी ठेवा."