सरकवलेली गाठ

वारंगा फाट्यावर आमचं घोड्यांच्या सामानाचं दुकान होतं. पत्र्याची एक खोली आणि पुढे बाक. लगाम, डोक्यावर चढवायची म्होरकी, खोगीर, दाण्याचा तोबरा, पाय बांधायचे दोर, सगळं मी हातानं शिवायचे. नवरा गेल्यावर लोक म्हणाले, बाई काय चामडं शिवणार. मी शिवलं. चौथीपर्यंत शिकले होते, पण या कामाला तेवढीही शाळा लागत नाही.

मागच्या भिंतीला खिळे होते आणि प्रत्येक खिळ्याला एक सुतळी. एका घोड्याची एक. पहिली गाठ कपाळाच्या मापाची, या कानापासून त्या कानापर्यंत. दुसरी गालाची. तिसरी नाकपुड्यांच्या वरच्या घेराची. कुणाची सुतळी ते कळावं म्हणून वर मालकाच्या जुन्या कपड्याची चिंधी. मापं वहीत नव्हती, त्या भिंतीवर होती. म्हणून घोडेवाला दुसरीकडे जात नसे.

बाकावर दिवसभर घोडेवाले बसायचे. त्यांत टांगेवाले चाचा रोजचे. माझ्याच वयाचे, पण सगळे चाचा म्हणत म्हणून मीही म्हणायचे. कुणी नवा घोडा आणला की चौकशी सुरू व्हायची.

"पाच वर्साचा म्हणून घेतला."

"दात पाहिले का?" चाचा विचारायचे.

"पाहिले ना."

"घोड्याचे, का विकणाऱ्याचे?"

मग हसणं व्हायचं आणि शेवटी सगळे माझ्याकडे वळायचे. "भाभी, तुमी सांगा." मी जन्मात घोड्यावर बसले नाही, पण त्या बाकावर माझा शब्द शेवटचा होता. ते मला फार आवडायचं. तेव्हा कुणाला सांगितलं नसतं.

मग रस्त्याच्या पलीकडे ती आली. सुनेच्या वयाची. नवरा ट्रकवर, कधी घरी तर कधी नाही. तोवर जीपगाड्यांनी टांगे खाल्ले होते आणि लग्नाच्या घोड्या वाढल्या होत्या. तिनं आरसे, जरीची झूल, मण्यांच्या माळा, रंगीत तुरे असं सामान मांडलं. माझ्या साध्या चामड्याला कोण विचारणार? ते मला कळत होतं. पण तिच्या बाकाला पाठ होती आणि चहात आलं होतं, ते सहन होत नव्हतं.

शिवता शिवता मी पलीकडची डोकी मोजायचे. आज चार. आज सहा. सुई बोटात गेली तरी नजर तिकडेच. तिला घोड्यातलं काही कळत नव्हतं. प्रत्येक गोष्ट विचारायची, "असं काहून करतं हो घोडं?" आणि ते बापे तासभर समजावून सांगायचे. मी इतकी वर्षं त्यांना सांगत होते. त्यांना सांगायलाच जास्त आवडतं हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

एक दिवस चाचाही पलीकडे बसलेले दिसले. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले तेव्हा मी सुईवरून मान उचलली नाही.

"तिकडं पाठ टेकायला मिळती, भाभी. कंबरेची लई तकलीफ हाय."

"माझी कंबर लोखंडाची हाय जणू."

"गिऱ्हाईक तर तुमचाच हाव की."

"गिऱ्हाईक हायसा. बसायला तिकडं जाता."

हट्ट्याचा एक घोडीवाला होता. त्याची पांढरी घोडी लग्नाला जायची आणि तिच्यावर त्याचं घर चालायचं. कुणीतरी कधी तिचा कान पिरगाळला होता, तेव्हापासून ती परक्याचा हात कानाजवळ येऊ देत नसे. तिचं माप घ्यायला मी अर्धा दिवस गूळ घेऊन उभी राहिले होते. तो घोडीवाला आला आणि बसलाही नाही.

"आक्का, घोडीची सुतळी पायजे."

"काहून?"

"समोरच्या वैनी मण्यांची म्होरकी करून राहिल्या. जुनी ताणून ढिली झाली, तिच्यावरून माप निघंना. अन् घोडी त्यांना जवळ येऊ देईना."

"मग मी करते की."

"तुमचं काम पक्कं हाय, आक्का. पण लग्नात लोक घोडीकडं बघतेत. उगा साधी..." पुढचं तो बोलला नाही.

थांब, शोधते, असं म्हणून मी आत गेले. शोधायचं काही नव्हतं, सुतळी तिसऱ्या खिळ्याला होती. त्याच्याकडे पाठ करून मी आरीच्या टोकानं पहिली, कपाळाची गाठ सोडली आणि दोन बोटं आत बांधली. तांब्याभर पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ लागला. बाहेर येऊन सुतळी त्याच्या हातात दिली.

लग्नाचं चाचांनी येऊन सांगितलं. म्होरकी त्याच दिवशी सकाळी हातात आली. घट्ट वाटली, पण मालक म्हणाला, नवी हाय, सैल पडंल. वाजंत्री कानाशी सुरू झाली तशी घोडी मागं सरकली, पुढचे पाय उचलले आणि नवरदेव थेट ढोलकीवाल्याच्या अंगावर पडला. मनगट मुरगळलं. हार त्यानं डाव्या हातानं घातला. घोडीचं कानामागचं कातडं सोललं होतं. त्यानंतर ती मालकालाही डोक्याला हात लावू देईना. पुढची लग्नं दुसऱ्याच्या घोडीला गेली.

बापे माझ्या बाकावर परत आले. "समोरचीला माप कळत न्हाई. भाभीचं काम ते भाभीचं काम." त्या दिवशी मी चहात आलं घातलं.

चार दिवसांनी भर दुपारी बाकावर कुणी नसताना ती आली. सुतळी माझ्यासमोर ठेवली.

"मावशी, हे बघा."

वर्षानुवर्षं बांधलेली गाठ सोडली तरी सुतळीला मुरड राहते. नव्या गाठीच्या पुढे दोन बोटांवर ती मुरड होती. बाकी सुतळी हातांनी काळी झालेली आणि तेवढाच तुकडा पांढरा. जन्म सुतळीत गेला आणि मला हे सुचलं नाही.

मी सुई चामड्यात खोचून ठेवली.

"मी कुणाला बोलले न्हाई," ती म्हणाली. "घोडीवाल्यालाबी न्हाई. म्होरकी उसवून टाकली. पण आता घोडी मालकालाबी ऐकंना. तुमी तिला कसं मनवलं व्हतं, तेवढं सांगा."

ती भांडली असती तर बरं झालं असतं. माझी उत्तरं तयार होती.

"गूळ ने," मी म्हणाले. "अन् कानाकडं बघू नको. तोंड फिरवून बाजूला उभी राहा."

"तुमी येता का?"

जीपनं आम्ही तीन दिवस हट्ट्याला गेलो. पहिल्या दिवशी घोडीनं दोघींच्याही हातचा गूळ खाल्ला नाही. दुसऱ्या दिवशी दोघींचा खाल्ला. तिसऱ्या दिवशी तिनं तोंड त्या बाईच्या खांद्यावर ठेवलं आणि कान तिच्या तळहाताखाली पाडला. मी सुतळी धरली आणि गाठ जुन्या मुरडीवर बांधली. जखम सुकल्यावर नवी म्होरकी बरोबर बसली. मला मात्र तेव्हा एकच दिसत होतं. घोडीनं माझा खांदा घेतला नव्हता.

महिन्याभरात माझा बाक पुन्हा रिकामा झाला. काही वर्षांनी ती नवऱ्याबरोबर नांदेडला राहायला गेली. नवरदेव सजवलेल्या गाडीतून जायला लागले आणि माझंही दुकान बंद झालं. फाट्यावर चहाला गेले की चाचा भेटतात. मागच्या खेपेला त्या लग्नाची गोष्ट निघाली. चाचा म्हणाले, "बाई चांगली व्हती, पण माप कळत नव्हतं."

"तिला बराबर कळत व्हतं," मी म्हणाले. "गाठ मी सरकवली व्हती."

चाचांनी कप खाली ठेवला.

"मग इतकी वर्सं काहून बोलल्या न्हाईत?"

"बोलले असते तर तुमी सगळे तिकडं गेले असते."

"आमी तर तसंबी गेलोच व्हतो की, भाभी."