काठचा खांब

"हात नका लावू त्याले, मॅडम! उसवलं त मी या चुलीतच जाऊन बसन, सांगून ठेवते."

ती इतक्या जोरात ओरडली की शाळेच्या कौलांवरची वानरं उड्या मारत थेट सानगडीच्या बाजारापर्यंत पळाली. खोटं वाटतंय? बरं, निम्मं अंतर धरा.

दुपारच्या सुट्टीची वेळ होती. पोरं ताटं घेऊन ओसरीत बसलेली. आणि त्यांची खिचडी शिजवणारी आमची काकी एका हातात झारा, दुसऱ्या हातानं निळ्या लोकरीचा एक तुकडा छातीशी धरून, माझ्यापासून मागं मागं सरकत होती. त्या तुकड्याला ती मफलर म्हणत होती. खालून चांगला वीतभर रुंद, वर जेमतेम चार बोटं. देवळावर लावला असता तर लोकांनी पताका म्हणून हात जोडले असते.

"काकी, हा निमुळता होत चाललाय. उसवावाच लागेल," मी म्हणाले.

"आन् पुन्हा केव्हा होईन? बारा दिवस राहिले फक्त." मग आवाज एकदम खाली आला. "काही होनार त नाही ना, मॅडम?"

हे तिचं वाक्य. लाखांदूरजवळच्या त्या शाळेत मी नऊ वर्षं होते आणि तेवढ्यात ते मी कमीत कमी दहा लाख वेळा ऐकलं. पोरगं शिंकलं, काही होनार त नाही ना. तांदळात खडा निघाला, काही होनार त नाही ना. एकदा केंद्रप्रमुख नुसते रस्त्यानं मोटरसायकलवरून गेले, शाळेकडं मान वळवूनही बघितलं नाही, तर ही पदराला हात पुसत माझ्या वर्गात हजर: "मॅडम, ते थांबले काहून नाही?"

आणि हीच बाई रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत शाळेतलं काम उरकून धानाच्या बांधीत उतरली की वाघीण. चिखलात चाळीस बाया तिच्या मागं ओळीनं पऱ्हे लावत. पायात साप आला तर ती त्याला शेपटीनं उचलून पलीकडच्या बांधीत फेकी आणि हातातली जुडी खाली न ठेवता पुढं सरके. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. सापाला भीत नाहीत, आणि टपालानं आलेल्या कागदाला थरथरतात.

त्या वर्षी तसाच एक कागद आला होता.

घरात दोघीच, ती आणि तिची मुलगी प्रज्ञा. प्रज्ञा पहाटे रस्त्यावर धावायची. धावताना एसटीला मागं टाकते असं मी सगळीकडं सांगत असे, आणि आमच्याकडची एसटी ज्यांना माहीत आहे ते लोक लगेच मान्यही करत. पोरगी सीमेवरच्या दलात भरती झाली. प्रशिक्षण दूर वर, उत्तरेत. कागदावर हजर व्हायची तारीख छापलेली. त्या तारखेला पोचली नाही तर जागा दुसऱ्या पोरीची.

आता तिकडं थंडी इतकी की माणूस थुंकला तर खाली पडेपर्यंत त्याची गोटी होते, हे काकीला कुणी सांगितलं असेल? मीच. माझ्या तोंडाला कुलूप नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात आलंच असेल. मी आपली गंमत म्हणून बोलले. ती मात्र पांढरी पडली, आणि दुसऱ्या दिवशी लोकरीचे चार गुंडे घेऊन माझ्या पुढ्यात उभी राहिली.

"मले शिकवा. मायच्या हातचा मफलर झाल्याबिगर मी पोरीले गाडीत बसू देत नाही."

"अहो, दुकानात मिळतो."

"दुकानदाराले काय पडलं हो तिच्या गळ्याचं?"

मी सुई काढली. कार्यानुभवाच्या तासाला मी मुलींना क्रोशा शिकवत असे. त्याचं प्रशिक्षण मी भंडाऱ्याला घेतलं होतं. गोंदिया वेगळा झाला तेव्हा जिल्हा अर्धा उरला, पण प्रशिक्षणं दुप्पट झाली, त्यातलंच एक.

पहिली साखळी तिनं अशी आवळली की तिला बैल बांधला असता तरी हलला नसता. सुईचं टोक आत शिरेना. ती मी कापली. दुसरी कापली. सहावीत सुई शिरली. मग सुईवर लोकरीचा वेढा घेऊन उभा टाका कसा काढायचा ते दाखवलं. त्याला आम्ही खांब म्हणतो. चोवीस खांबांची एक ओळ, काम उलटवायचं, पुन्हा चोवीस. एवढंच. पहिलीतलं पोरगंही करील. तिचे खांब तर पहिल्या दिवसापासून रोवण्यासारखे सरळ पडत होते. तरी मफलर आटत चालला होता, आणि का ते तिलाही कळेना, मलाही.

तर त्या दुपारी मी तिला चुलीपाशी बसवली. "उसवत नाही. फक्त माझ्यासमोर एक ओळ घाला."

तिनं घातली. खांबाला खांब लागून, झरझर. ओळीच्या टोकाशी आली, शेवटचा एक खांब शिल्लक असताना थांबली, आणि काम उलटवलं.

"तो शेवटचा का सोडला?"

"कोनता?"

"हा. काठचा."

"तो त धुरा आहे." तिनं माझ्याकडं असं पाहिलं की जणू मी धान झाडाला लागतं म्हणाले. "धुऱ्याले चिकटून रोवते का कोनी? पाय ठेवाले जागा नको? काठ मोकळा सोडाचा असते, मॅडम. तुमच्या प्रशिक्षणात सांगतलं नाही वाटते."

मी इतकी हसले की ओसरीतली पोरंही कारण नसताना हसायला लागली. तीस वर्षं धुरा, म्हणजे बांधीचा काठ, सोडलेले हात, ते लोकरीतही ओळीमागं एक खांब सोडत होते.

ती हसली नाही. "म्हनजे माह्याच हातानं तिचा मफलर बारीक होऊन राहिला होता," ती म्हणाली. मग तिनं टोक धरलं आणि स्वतःच ओढलं. इतक्या दिवसांचं काम खिचडी करपायच्या आत शेवयांचा ढीग झालं. खिचडीही करपलीच. पोरांनी ती तशीच खाल्ली.

त्यानंतर तिचं काही खरं राहिलं नाही. डाळ शिजेपर्यंत विण, शिट्टी होईपर्यंत विण. प्रत्येक काठाशी आली की स्वतःला बजावायची, "धुरा नाही, धुरा नाही." पहिलीची पोरं ते पाढ्यासारखं म्हणायला लागली. मी रोज मोजायची: चोवीस. आणि दिवस संपत होते.

निघायच्या सकाळी मफलर गळ्याला एक वेढा पुरेल एवढा झाला होता. काकीला दोन हवे होते. प्रज्ञा पिशव्या घेऊन दारात उभी.

"आई, तारीख माही आहे, मफलरची नाही," ती म्हणाली. "मॅडम, सांगा हिले. गाडी चुकली त माही जागा गेली."

"मी कुठं बसून राहिली?" काकी उठली. "विनत विनत येते."

आणि खरंच तशी आली. एसटीत आम्ही तिघी. मधे गुंडा सुटून सीटांखालून घरंगळला आणि ड्रायव्हरच्या पायापाशी जाऊन थांबला. अर्ध्या बसनं लोकर गोळा करून दिली. साकोली गेलं, कारध्याचा पूल आला, तेव्हा अजून हातभर बाकी होतं. वरठीच्या स्टेशनात बाकावर बसून तिचे हात असे चालत होते की मला सुई दिसेना, नुसती हवा हलताना दिसे. प्रज्ञा दर मिनिटाला रुळांकडं बघे. मी तिच्या घड्याळाकडं.

गाडी आली. दोन मिनिटं थांबते. प्रज्ञा चढली, खिडकीशी बसली.

"झाला," काकी खिडकीखाली उभी राहून म्हणाली. "मॅडम, झाला. आता बंद कसा कराचा सांगा लवकर."

मी तिच्या हातातलं टोक नुसतं उलटसुलट करून पाहिलं.

काय सांगू? प्रशिक्षणाच्या शेवटच्या दिवशी शेवट शिकवला होता, आणि मी त्या दिवशी पितळी भांड्यांच्या दुकानात होते. शाळेत कुठल्या मुलीचं काम शेवटापर्यंत गेलंच नव्हतं, त्यामुळं माझं कधी अडलं नव्हतं. एरवी मी काहीतरी ठोकून दिलं असतं. तिच्या तोंडाकडं पाहून जमलं नाही.

"मला येत नाही, काकी," मी म्हणाले.

गाडीनं शिट्टी दिली. काकीनं दातानं लोकर तोडली, सुई ओढून काढली, आणि मफलर खिडकीच्या गजांतून आत कोंबला. शेवटचा फास तसाच उघडा लोंबत होता. गाडी हलली. काकी गाडीबरोबर चालायला लागली.

"त्या टोकाले हात नको लावू, प्रज्ञा. ओढू नको. अडकू देऊ नको कुठं."

प्रज्ञा काहीतरी म्हणाली. ते आम्हाला ऐकू आलं नाही.

परतीच्या एसटीत ती रिकामी सुई मुठीत धरून बसली. "शेवट मोकळा राहिला," ती म्हणाली. मग म्हणाली, "नागपुरापर्यंत एक ओळ उसवत जाईन. इटारशीले पाच." तिचं ते नेहमीचं वाक्य त्या दिवशी तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तिसऱ्या दिवशी शाळेत माझ्या मोबाइलवर प्रज्ञाचा फोन आला. पोचली होती, नाव लागलं होतं. मी फोन काकीपुढं धरला. ती दोन पावलं मागं सरली, झारा तसाच हातात.

"तुमीच विचारा," ती म्हणाली. "मले नाही ऐकवत."

मी मफलरच्या टोकाचं विचारलं.

"दोन ओळी उसवल्या होत्या, मॅडम," प्रज्ञा म्हणाली. "मी गाठ मारली."