रुचिराचा पंप

आमच्या कांदिवलीच्या बिल्डिंगमध्ये बाळंतिणीला सल्ला द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. लिफ्टमध्येसुद्धा देतात. समोरच्या दारातली रुचिरा दिवस भरायच्या आधीच बाळंत झाली आणि पोरीला बोरीवलीच्या इस्पितळात काचेच्या पेटीत ठेवून घरी आली, तेव्हा तिच्या दाराबाहेर चपलांचा ढीग पडला. मीही गेले, पण भाजीचा डबा ठेवून परत आले. माझ्याकडे सल्ला नव्हता.

डॉक्टरांनी तिला एकच गोष्ट बजावली होती. मुलगी एवढीशी, तिला ओढून प्यायची ताकद नाही. नळीतून आईचं दूध मिळालं तर लवकर सावरेल. आणि बाळ ओढत नाही तर दूध उतरणार कसं? पंपानं. सारखा लावायचा, दुखलं तरी, काही आलं नाही तरी. आत्ता कंटाळा केला तर पुढे येणारही नाही.

सुरुवातीला नुसती वाट लागली. पंप घरघर करायचा आणि बाटलीचा तळ जेमतेम ओला व्हायचा. आलेल्या बायका बाटलीकडे बघून चुकचुकायच्या. मला तर एकेकीला हाताला धरून बाहेर काढावंसं वाटे. रुचिराची सासू मालनकाकी देवगडकडच्या. सुनेसाठी अळिवाची खीर मनापासून करायच्या, पण पंप दिसला की तोंड फिरवायच्या. आईचं दूध ही काय डोळ्यांनी बघायची वस्तू आहे? नजर लागते, आटतं, असं त्यांचं म्हणणं.

मग एका सकाळी बाटली खरोखर भरली. घरून पाठवावं एवढं दूध आजवर निघालंच नव्हतं. ऑफिसला जाता जाता सौरभ, तिचा नवरा, बर्फाच्या पिशवीतून ते इस्पितळात पोचवणार होता. रुचिरानं बाटली फ्रिजमध्ये ठेवली, अंघोळीला गेली, आणि बाहेर आली तर बाटली धुऊन पालथी घातलेली.

मालनकाकींनी दूध तुळशीच्या मुळाशी ओतलं होतं, वर हात जोडून. त्यांच्या गावी बाळ पीत नसेल तर बाळंतीण छाती मोकळी करायला दूध पिळून काढते आणि पायदळी येऊ नये म्हणून झाडाला घालते. मोरीत टाकलं तर आटतं म्हणे. काढलेलं दूध म्हणजे टाकायचं दूध, एवढंच त्यांना ठाऊक. पोरीला इस्पितळवाले त्यांचं डब्याचं दूध देत असणार आणि पंप आहे तो सुनेची छाती दुखू नये म्हणून, असं त्या धरून चालल्या होत्या. सुनेचं भलं केलं या समाधानात होत्या बिचाऱ्या.

दार उघडंच होतं, म्हणून हे सगळं मला दिसलं. मला वाटलं, आता रडारड. रुचिरा रडली नाही. तिनं आतून पंप आणला, हॉलच्या मधोमध खुर्ची ओढली, अंगावर ओढणी घेतली आणि पंप सुरू केला. मालनकाकी घाबऱ्या झाल्या. माणसं येतात-जातात, नजर लागेल, आत जा म्हणाल्या.

"लागू दे," रुचिरा म्हणाली. "नजरेनं दूध आटत असतं ना आई, तर जोगेश्वरीच्या तबेल्यातल्या म्हशी कधीच भाकड झाल्या असत्या. आजपासून मी इथेच बसणार. माझं दूध कुठे जातं ते सगळ्यांना दिसू दे."

त्या क्षणी ती मला फार आवडली. दुपारी तिनं सासूला रिक्षात घालून इस्पितळात नेलं आणि त्या नळीसमोर उभं केलं. परतल्यावर मालनकाकींनी पुन्हा बाटलीला हात लावला नाही. रुचिरा मात्र हॉलमधून हलली नाही. गॅसवाला आला, सौरभचा मामा आला. मामानं खिडकीकडे तोंड करून चहा संपवला. दूध वाढत गेलं. खिरीनं वाढलं असं मालनकाकी म्हणतात, पंपानं असं रुचिरा. मी म्हणते, हट्टानं.

मुलगी घरी आली, पण अंगावर पिईना. छातीशी धरली की मान झटकायची, रडायची. झालं, पुन्हा चपलांचा ढीग. बाटलीची सवय लावलीत, आता भोगा. एकजण म्हणाली, अंगावर पाजलं नाही तर आईपण कसलं? मालनकाकींचाही धीर सुटला.

"जरा भूक लागांदे गो तिका," त्या म्हणाल्या. "आपसूक वडून पितली."

रुचिरानं मुलीला खांद्यावर घेतलं. आवाज चढवला नाही, पण खोलीतल्या प्रत्येकीला ऐकू गेलं.

"पेटीत ती एकेका थेंबाची वाट बघत पडली होती, आई. माझ्या घरात तिला उपाशी ठेवून मला आई व्हायचं नाही."

तिनं सकाळी काढलेल्या दुधाची बाटली कोमट केली आणि सगळ्यांसमोर पोरीच्या तोंडाला लावली. पोर गटागटा प्यायला लागली. मालनकाकी उठल्या, सुनेशेजारी येऊन बसल्या आणि नातीच्या हनुवटीखाली फडकं धरून राहिल्या.